सँ-झ्याँ ते पुएन्ते ला रेइना : कामिनोची तयारी आणि पहिले चार दिवस

कामिनो फ्रान्सेस हा यात्रेकरूंचा सुमारे ७८० किलोमीटरचा पायी मार्ग आहे. फ्रान्सच्या सीमेलगतच्या सँ-झ्याँ-पिए-द-पोर या गावातून तो निघतो, पिरेनीज ओलांडतो आणि उत्तर स्पेन आडवा कापत सान्तियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्री पोचतो. १९८७ मध्ये युरोप परिषदेने त्याला पहिला 'युरोपीय सांस्कृतिक मार्ग' म्हणून मान्यता दिली, तर १९९३ मध्ये युनेस्कोने स्पेनमधला भाग जागतिक वारसा यादीत घातला. वाटेवर पिवळे बाण आहेत, दर काही किलोमीटरवर गाव आहे, मुक्कामाला आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा आहेत. त्यामुळे परदेशात पाठीवर सॅक घेऊन पहिल्यांदाच निघणाऱ्याला हा मार्ग सोपा वाटतो. रस्ता शोधण्यापुरता तो सोपा आहेही. पण सगळ्यांत अवघड चढ पहिल्याच दिवशी येतो आणि सगळ्यांत त्रासदायक उतार दुसऱ्या दिवशी. ज्यांना वाट अर्धी सोडून परतावं लागतं, त्यांतल्या पुष्कळांचं दुखणं या पहिल्या चार दिवसांतच सुरू झालेलं असतं. म्हणून तयारी करायची ती ७८० किलोमीटरची नाही, या चार दिवसांची करायची.

निघण्याआधी सहा ते तीन महिने

आधी कागदपत्रं. ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो त्यांची पहिली चूक अर्जाच्या जागेपाशीच होते. विमान पॅरिस किंवा बियारित्झला उतरणार आणि चालायला सुरुवात फ्रान्समधून होणार, म्हणून अर्ज फ्रान्सकडे केला जातो. नियम वेगळा आहे. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, अर्ज त्या देशाकडे. कामिनोवर फ्रान्समध्ये एखाद-दुसरी रात्र जाते आणि बाकी सगळ्या स्पेनमध्ये, तेव्हा अर्ज स्पेनकडेच करायचा. दोन देशांतले दिवस अगदी सारखे असतील तरच प्रवेशाचा देश बघतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नये, भेटीची वेळ मिळायलाच आठवडे लागतात. पासपोर्टची मुदत शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. विमा घेताना 'हायकिंग' वगळलेलं नाही ना आणि उंचीची काय मर्यादा घातली आहे, हे बारीक अक्षरांत वाचून घ्या. कामिनोवर दीड हजार मीटरच्या वर फारसं जावं लागत नाही, म्हणून साधी पॉलिसी बहुधा पुरते.

मुक्कामाचा पुरावा ही खरी अडचण. नगरपालिकेची आणि चर्चची पुष्कळ आल्बेर्गे आरक्षण घेतच नाहीत. जो आधी पोचेल त्याला खाट. त्यामुळे व्हिसासाठी रद्द करता येतील अशी खासगी आल्बेर्गे किंवा हॉस्टेलं टप्प्याटप्प्याने आरक्षित करावीत आणि सोबत दिवसवार मार्गाचा तक्ता जोडावा. पूर्ण वाट चालायला साधारण ३० ते ३५ दिवस लागतात. त्यावर तीन-चार दिवस विश्रांतीचे आणि दोन दिवस येण्याजाण्याचे धरून तारखा मागा. ३२ दिवसांचा हिशेब करून ३२ दिवसांचाच व्हिसा मागितला, तर पाय सुजल्यावरही थांबायची सोय उरत नाही. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे, ती इथे सहसा आड येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला रांगेत जास्त वेळ जातो, म्हणून पुढची गाडी विमान उतरल्यानंतर किमान तीन तासांनी ठेवावी.

मोसम निवडताना एक गोष्ट पक्की धरायची. पिरेनीजवरून जाणारी उंच वाट, म्हणजे 'नेपोलियन मार्ग', १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. एप्रिलच्या सुरुवातीला माथ्यावर बर्फ सापडू शकतं. मे आणि सप्टेंबर हे सुरुवातीसाठी सर्वांत चांगले महिने. जुलैच्या ६ ते १४ तारखांना वाटेवरच्या पम्प्लोना शहरात सान फर्मिनचा उत्सव असतो. त्या दिवसांत शहरात खाट मिळत नाही आणि मिळालीच तर परवडत नाही.

तीन महिने ते एक महिना

बूट सर्वांत आधी घ्यावेत. दिवसभर सॅक घेऊन चालल्यावर पाऊल सुजतं आणि लांबीलाही थोडं पसरतं. म्हणून नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा बूट घ्या आणि खरेदीला संध्याकाळी जा, कारण तेव्हा पाय दिवसातला सर्वांत मोठा असतो. ज्या मोज्यांत चालणार तेच घालून बघा. पुढे सरकून बोटं टोकाला टेकवली की टाचेमागे एक बोट शिरलं पाहिजे. घोटा झाकणारे जाड बूट घ्यावेत की हलके ट्रेल शूज, यावर वाद न संपणारा आहे. आमचं मत हलक्या शूजकडे झुकतं. वाटेचा बराच भाग मुरमाचा, कच्च्या गाडीरस्त्याचा आणि डांबराचा आहे, शिवाय हलके शूज एका रात्रीत वाळतात. घोटा पूर्वी मुरगळलेला असेल तर उंच बूट घ्या. जे घ्याल त्यात निघण्याआधी किमान ८० ते १०० किलोमीटर चाललेलं असू द्या. नवा कोरा बूट सँ-झ्याँत पहिल्यांदा पायात घालणाऱ्याला फोड आलाच समजा.

सरावाचा क्रम असा ठेवावा. पहिले चार आठवडे आठवड्यातून तीनदा ६ ते ८ किलोमीटर, सॅकशिवाय. पुढचे चार आठवडे सॅकमध्ये तीन-चार किलो घालून १० ते १५ किलोमीटर. शेवटच्या चार आठवड्यांत पूर्ण भरलेली सॅक घेऊन शनिवार-रविवार लागोपाठ २० किलोमीटर. लागोपाठचा दुसरा दिवस हाच खरा सराव, कारण आंबलेल्या पायांनी चालणं एकेका दिवसाच्या सरावातून कळत नाही. चढापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन तोलून धरतो. त्यातून त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं चोवीस ते बहात्तर तासांनी शिगेला पोचतं. दहा मजले चढून लिफ्टने खाली येण्यापेक्षा लिफ्टने वर जाऊन पायऱ्यांनी उतरा, कामिनोच्या दुसऱ्या दिवशी ते कामाला येईल.

सॅक ३० ते ४० लिटरची पुरते. मोठी घेतली की ती भरली जातेच. लिटरपेक्षाही पाठीचं माप महत्त्वाचं. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या बुडाशी जो मणका वर येतो तिथपासून, दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवल्यावर अंगठे पाठीकडे जिथे येतात तिथपर्यंतचं अंतर मोजा. सॅकची 'टॉर्सो' लांबी तेवढी हवी. मग पाच-सहा किलो घालून सॅक चढवा. आधी सगळे पट्टे सैल करा. कमरेचा पट्टा हाडाच्या वरच्या कडेवर येईल असा घट्ट आवळा, पोटावर नाही. त्यानंतर खांद्याचे पट्टे खेचा, पण इतकेच की ते खांद्याला नुसते टेकतील. मग खांद्यावरचे छोटे पट्टे ओढून सॅक पाठीजवळ घ्या आणि शेवटी छातीचा पट्टा लावा. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. सरकत नसेल तर वजन खांद्यावर आहे आणि दोन तासांत मान धरेल. वजनाचा मोठा वाटा कमरेवर हवा.

वजन : एक किलो दोनशे ग्रॅमची सॅक

भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असा कामिनोवरचा जुना दंडक आहे. तो काटेकोर विज्ञान नाही, पण सुरुवातीला धरून चालायला उत्तम. ६५ किलोच्या माणसाने साडेसहा किलो. हिशेब करून बघा. सॅक १२०० ग्रॅम, हलकी स्लीपिंग बॅग ६००, बदलीचे कपडे ९००, फ्लीस ३५०, रेनजॅकेट ३५०, संध्याकाळच्या चपला ३००, पंचा आणि साबण-ब्रश मिळून ४५०, औषधं २५०, फोन-चार्जर-पॉवरबँक ४५०, कागदपत्रं आणि किरकोळ २५०. हे झालं पाच किलो शंभर ग्रॅम. यात दीड लिटर पाणी आणि चारशे ग्रॅम खाणं घातलं की सात किलो. म्हणजे इतकं काटकसरीचं सामान घेऊनही मर्यादा ओलांडली जाते. म्हणूनच 'असू दे, लागेल' या विचाराने घेतलेली प्रत्येक वस्तू महाग पडते.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू मोजून कागदावर लिहा. कपडे अंगावरचा एक जोड आणि सॅकमधला एक, मोजे मात्र तीन जोड. रोज मुक्कामाला पोचल्यावर धुवायचे. सुती कपडा आणि जीन्स नको. भिजली की जड होते आणि सकाळपर्यंत वाळत नाही. न वाळलेले मोजे सॅकच्या बाहेर लावून चालता चालता वाळवण्यासाठी सहा-आठ मोठ्या सेफ्टी पिना घ्या. शाम्पू, टूथपेस्ट, सनस्क्रीन पन्नास मिलीच्या बाटल्यांत. स्पेनमध्ये जवळपास प्रत्येक मोठ्या गावात औषधांचं दुकान आहे, तेव्हा महिन्याची औषधपेटी वाहायचं कारण नाही. रोजची ठरलेली औषधं मात्र पूर्ण मुदतीची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या. कानात घालायचे बोळे विसरू नका. चाळीस माणसांच्या खोलीत घोरण्यापासून दुसरी सुटका नाही.

आदला आठवडा आणि विमान

वॉकिंग पोल आणि चाकू केबिनमध्ये नेता येत नाहीत, ते चेक-इन सामानात घालावे लागतात. सॅक चेक-इन करायची असेल तर कमरेचा पट्टा उलटा फिरवून सॅकभोवती बांधा आणि सगळी सॅक एखाद्या मोठ्या साध्या पिशवीत घाला. लोंबणारे पट्टे सरकत्या पट्ट्यांत अडकून तुटतात आणि बकल तुटलेली सॅक पहिल्याच दिवशी निकामी ठरते. पॉवरबँक उलट केबिनमध्येच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. शंभर वॉट-तासांपर्यंतची साधारणपणे परवानगीशिवाय नेता येते. १०,००० एमएएचची पॉवरबँक सुमारे ३७ वॉट-तासांची असते आणि दोन दिवसांना पुरते. चालायचे बूट पायातच घालून विमानात बसा. सामान हरवलं तर बाकी सगळं नवं घेता येतं, पायाला सरावलेले बूट विकत मिळत नाहीत.

फ्रान्स आणि स्पेनमध्ये दोन गोल पिनांचा प्लग आणि २३० व्होल्ट वीज. आल्बेर्गेत सॉकेट पुष्कळदा मोजकीच असतात, म्हणून दोन यूएसबी तोंडांचा चार्जर घ्या, दुसऱ्यालाही उपयोगी पडतो. पैसे काढताना एटीएम तुमच्या देशाच्या चलनात रक्कम दाखवतं आणि 'मान्य' करायला सांगतं. ते नाकारायचं आणि युरोमध्येच घ्यायचं. मान्य केलं तर दर यंत्रवाल्याचा लागतो आणि तो नेहमी वाईट असतो. जवळ शंभर-दीडशे युरो सुट्ट्या नोटांत ठेवा, लहान गावांत कार्ड चालेलच असं नाही.

पोचण्याचा दिवस : सँ-झ्याँ-पिए-द-पोर

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून बायोनला जलद गाडीने सुमारे चार तास, तिथून सँ-झ्याँला छोट्या गाडीने तासभर. कधी कधी रेल्वेऐवजी त्याच तिकिटावर बस सोडतात, तेव्हा बायोनला फलक नीट वाचा. पम्प्लोनाहूनही मोसमात थेट बस आहे. शक्यतो दुपारी पोचा. रात्री उशिरा पोचून पहाटे निघणं हा पहिला दिवस बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग.

गावात शिरल्यावर दगडी चढावर, ३९ र्‍यू द ला सितादेल या पत्त्यावर यात्रेकरूंचं कार्यालय आहे. तिथे स्वयंसेवक क्रेदेन्सियाल देतात. हा घडीचा पुठ्ठ्याचा पासपोर्ट, त्यावर रोजच्या मुक्कामाचे शिक्के पडतात. आल्बेर्गेत खाट मिळायला तो दाखवावा लागतो. सान्तियागोला पोचल्यावर कोम्पोस्तेला हे प्रमाणपत्र त्यावरूनच मिळतं. त्यासाठी पायी किमान १०० किलोमीटर चालावं लागतं आणि दिवसाला दोन शिक्के लागतात. पुठ्ठा भिजला तर शिक्क्यांची शाई पसरते, म्हणून झिप असलेल्या पिशवीत ठेवा. याच कार्यालयात उद्याच्या चढाची आलेखपट्टी, आल्बेर्गेंची यादी आणि माथ्यावरचं हवामान मिळतं. हवामानाबद्दल ते जे सांगतील ते ऐका. 'उद्या वरून जाऊ नका' म्हणाले तर खालच्या वालकार्लोसच्या वाटेने जायचं, यावर चर्चा नाही. तीही सुमारे २४ किलोमीटरची. बराच भाग रस्त्याकडेने जातो आणि शेवटच्या टप्प्यात दमछाक करणारा चढ आहे.

संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या आत उद्याचं खाणं घ्या. पाव, चीज, केळी, सुकामेवा. पोल नसतील तर इथे मिळतात. रोन्सेसवायेसची, म्हणजे उद्याच्या मुक्कामाची, खाट आधीच आरक्षित करून ठेवलेली बरी.

दिवस पहिला : सँ-झ्याँ ते रोन्सेसवायेस, सुमारे २५ किलोमीटर

सात वाजता निघा. नीव नदीचा पूल ओलांडून पोर्त देस्पान्य या वेशीतून बाहेर पडलं की रस्ता लगेच चढायला लागतो. गाव सुमारे १७० मीटर उंचीवर आहे आणि आजचा माथा सुमारे १४३० वर. चढ सगळ्या वाटेवर सारखा वाटलेला नाही. पहिल्या आठ किलोमीटरांत, म्हणजे ओरिसोंपर्यंत, सहाशे मीटरच्या वर चढून जावं लागतं आणि तेही बरंचसं डांबरावर. वाटेतल्या हुंतो या वस्तीनंतरचे दोन किलोमीटर सर्वांत उभे. इथे वेग इतकाच ठेवायचा की तोंड मिटून नाकाने श्वास घेता यावा. धाप लागली की वेग कमी करा, थांबू नका. ओरिसोंपर्यंत अडीच-तीन तास लागले तरी काही बिघडत नाही. ज्यांचा सराव कमी आहे त्यांनी पहिला मुक्काम ओरिसोंलाच करावा. आठ किलोमीटरचाच दिवस होतो आणि दुसऱ्या दिवशी सतरा उरतात. आमच्या मते पन्नाशीपुढच्या आणि पहिल्यांदाच सॅक घेणाऱ्या प्रत्येकाने हाच पर्याय धरावा. तिथे खाटा मोजक्या आहेत, त्या काही महिने आधी आरक्षित कराव्या लागतात.

ओरिसों ही पाण्याची शेवटची खात्रीची जागा. बाटल्या इथे पूर्ण भरा. यापुढे झाडं संपतात, उघडी कुरणं, मेंढ्या, घोडे आणि वारा. अकरा-बारा किलोमीटरवर खडकावर मेरीची मूर्ती आहे. तिथून आणखी चार किलोमीटरवर तिबो क्रॉस. ही जागा लक्षात ठेवा. इथे डांबरी रस्ता सोडून उजवीकडे गवतातल्या पाऊलवाटेने वर जायचं असतं. धुक्यात लोक रस्त्यानेच पुढे जातात आणि मग किलोमीटरच्या किलोमीटर भरकटतात. फोनवर मार्गाचा नकाशा आधीच उतरवून घ्या. फ्रान्समध्ये बाणांबरोबर पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या खुणाही दिसतात. क्रॉसनंतर पुढे रोलांचा झरा येतो आणि लगेच गुरांच्या जाळीपाशी सीमा. तपासणी नाही, चौकी नाही. सीमेपलीकडे बीचच्या जंगलात वाट पानांच्या थराने झाकलेली असते, खालचे दगड दिसत नाहीत.

लेपोएदेर खिंडीवर पोचलात की खाली रोन्सेसवायेसचं छप्पर दिसतं आणि पाय तिकडे ओढ घेतात. इथे दोन वाटा फुटतात. डावीकडची सरळ जंगलातून खाली पडते. छोटी आहे, पण फार उभी. ओल्या पानांवर पाय घसरतो तो इथेच. उजवीकडची इबान्येता खिंडीकडून जाते, थोडी लांब आणि सौम्य. उजवीकडची घ्या. जेमतेम अर्धा तास जास्त लागेल, पण एका दमात पावणेपाचशे मीटर उतरून दुसऱ्या दिवशी जिना उतरता न येण्यापेक्षा ते बरं. अपघात झाला तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक दोन्ही देशांत चालतो.

रोन्सेसवायेसच्या मठातलं आल्बेर्गे मोठं आहे, १८३ खाटांचं. बूट आणि पोल खाली वेगळ्या खोलीत ठेवावे लागतात. खाट मिळाल्यावर आधी गादी उचलून शिवणी बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, खाट बदलून मागा. सॅक गादीवर कधीच ठेवू नका, जमिनीवर किंवा खुंटीला. हा नियम सगळ्या वाटेवर पाळा. मग क्रम ठरलेला : अंघोळ, कपडे धुणं, पाय वर करून अर्धा तास पडणं, मग जेवण. दहा वाजता दिवे बंद होतात. सकाळची सॅक रात्रीच भरून ठेवा, पहाटे पाचला प्लास्टिकच्या पिशव्यांचा खडखड आवाज खोलीभर ऐकू जातो.

दिवस दुसरा : रोन्सेसवायेस ते सुबिरी, सुमारे २२ किलोमीटर

नकाशावर हा दिवस सुटीचा वाटतो. माथा नाही, मोठा चढ नाही, ९५० मीटरवरून ५३० पर्यंत उतरायचं. पण पहिल्या दिवसाची मांड्यांची ठणक आज जागी होते आणि दिवसाच्या शेवटी सुबिरीचा उतार आहे.

सुरुवात ओकच्या रानातून सपाटीने. तीन किलोमीटरवर बुर्गेते, तिथे नाश्ता मिळतो. पुढे एस्पिनाल, मेस्किरिस खिंड, बिस्कार्रेत, लिन्सोआइन. बिस्कार्रेतच्या आसपास अर्धा दिवस संपतो, तिथे बूट-मोजे काढून पाय पंधरा मिनिटं उघडे ठेवा. ओलसर कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीच सोलून निघते. फोड येण्यामागे घर्षण, उष्णता आणि ओल या तीन गोष्टी असतात आणि मोजे बदलण्याने तिन्हींवर तोडगा निघतो.

एर्रो खिंडीवर (८०१ मीटर) रस्ता ओलांडण्याआधी थांबा आणि लेस पुन्हा बांधा. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि बोटांची नखं टोकावर आपटतात. काळी पडून सुटणारी नखं याच उताराची देणगी. उपाय टाच बांधण्याचा. वरून शेवटच्या दोन भोकांतून त्याच बाजूला लेसचा छोटा फास करा, दुसऱ्या बाजूची लेस त्या फासातून ओढून घ्या आणि मागे, खाली अशी खेचून गाठ मारा. टाच बुटात घट्ट बसते, पुढचा भाग मात्र सैल राहतो. पोल चढावरच्यापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर लांब करा. मग खाली पातळ, उभ्या स्लेटच्या फरश्या बाहेर आलेला सुमारे साडेतीन किलोमीटरचा उतार आहे. कोरडा असला तरी पाय मुरगळतो, ओला असला तर घसरतो. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, पोल आधी टेकवून मग पाय. इथे पुढच्याला गाठण्याची घाई करू नये. पाऊस सुरू असेल तर खिंडीवरून गाडीरस्त्याने उतरण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त वाहनांकडे तोंड करून डाव्या कडेने चाला.

गावात शिरताना आर्गा नदीवरचा मध्ययुगीन पूल लागतो, 'रेबीजचा पूल' या नावाने ओळखला जाणारा. त्याच्या मधल्या खांबाभोवती जनावरं फिरवली की पिसाळत नाहीत अशी जुनी समजूत. पुलाखाली नदी उथळ आणि गार आहे. पाय पाण्यात दहा मिनिटं ठेवा, सूज उतरते. मोसमात सुबिरीच्या खाटा दुपारी दोन-तीनपर्यंत भरतात. नाही मिळाली तर पुढे साडेपाच किलोमीटरवर लार्रासोआन्या, पण इतक्या उतारानंतर ते साडेपाच फार लांब वाटतात, म्हणून सकाळीच फोन करून ठेवा.

फोड आलाच असेल तर संध्याकाळचा हिशेब असा. लहान आणि न दुखणारा असेल तर फोडू नका, हायड्रोकोलॉइडची चिकटपट्टी लावा आणि ती आपोआप सुटेपर्यंत ओढू नका, ओढली तर खालची कातडी निघून येते. मोठा आणि बूट घालताच दुखणारा असेल तर सुई गरम करून किंवा स्पिरिटने पुसून कडेने टोचा, पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा, जंतुनाशक लावून कोरडी जाळीपट्टी बांधा. फोडातून दोरा ओवून ठेवण्याची पद्धत अनेक जण सांगतात. दोऱ्यातून जंतू आत जातात, ती करू नये.

दिवस तिसरा : सुबिरी ते पम्प्लोना, सुमारे २१ किलोमीटर

पहिला तास मॅग्नेसाइट या खनिजाच्या कारखान्याच्या कडेने जातो, बघण्यासारखं काही नाही. पुढे आर्गाच्या काठाने झाडीतून वाट चांगली आहे. साबाल्दिकाला टेकडीवरच्या छोट्या चर्चमध्ये जाण्यासाठी थोडा चढ जास्त पडतो. वर घंटा वाजवू देतात. त्रिनिदाद दे आर्रेचा पूल ओलांडला की बिलाबा सुरू होतं आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर शहरातले. दगडी फरसबंदी आणि सिमेंटवर टाचा दुखतात, ते मनात धरूनच वेग ठेवा. माग्दालेना पुलावरून तटबंदीला वळसा घालत पोर्ताल दे फ्रान्सिया या वेशीतून आत जायचं.

पम्प्लोना हा सामान तपासायचा दिवस. तीन दिवसांत एकदाही न वापरलेली प्रत्येक वस्तू खाटेवर काढून ठेवा. औषधं, रेनजॅकेट आणि गरम थर सोडून बाकी सगळं टपालाने पुढे पाठवा. स्पेनच्या टपाल खात्याची 'पाक पेरेग्रिनो' सेवा पेटी सान्तियागोला पोचवते आणि तिथे सांभाळून ठेवते. दोन किलो कमी झाले की चौथ्या दिवसाचा चढ वेगळाच वाटतो. टपाल कार्यालय शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बंद, तेव्हा वार बघून पोचा. बूट चुकले असतील तर ते बदलण्याचीही हीच जागा. लहान गावांत हा वाव नाही.

सॅकच पुढे पाठवायची असेल तर रोजची वाहतूक सेवा आहे. पाकिटावर नाव आणि पुढच्या मुक्कामाचा पत्ता लिहून, त्यात काही युरो घालून सॅकला बांधायचं आणि आठच्या आत आल्बेर्गेच्या दाराशी ठेवायचं. अडचण एवढीच की नगरपालिकेची काही आल्बेर्गे आलेल्या सॅका घेत नाहीत, तेव्हा पत्ता खासगी आल्बेर्गेचा द्या. गुडघा दुखत असताना सॅक पाठवणं हा शहाणपणाचा निर्णय आहे, त्याला कोणी नावं ठेवत असेल तर ठेवू द्या. पाणी, कागदपत्रं आणि पैसे मात्र अंगावरच.

दिवस चौथा : पम्प्लोना ते पुएन्ते ला रेइना, सुमारे २४ किलोमीटर

उन्हाळ्यात आज सहाला निघा, कारण सिसुर मेनोर सोडल्यावर सावली जवळपास नाही. पाणी सिसुरला आणि सारिकिएगीला भरा. त्यानंतर माथ्याखाली 'रेनिएगा' झरा आहे, पण तो बहुधा कोरडा असतो, त्याच्यावर हिशेब बांधू नका. आल्तो देल पेर्दोनच्या धारेवर पवनचक्क्या आणि १९९६ मध्ये उभारलेल्या लोखंडी यात्रेकरूंच्या आकृती आहेत. वारा इथे कायम असतो. घामेजलेल्या अंगाने पाच मिनिटं थांबलात तरी हुडहुडी भरते, म्हणून आधी जॅकेट, मग फोटो.

पलीकडचा उतार गोल सुट्या गोट्यांचा, अस्सल घसारा. सुबिरीच्या उतारापेक्षा लहान, पण गोट्या पायाखाली फिरतात. कडेची घट्ट माती धरून उतरा, वाटेच्या मधून नको. उतेर्गाला पोचलं की वाट पुन्हा सपाट होते. मुरुसाबालहून एउनातेच्या अष्टकोनी, रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीतल्या चर्चला फाटा आहे. अडीच-तीन किलोमीटर वाढतात, पण पाय धड असतील तर वाकडी वाट कराच. चर्च ठरावीक वेळीच उघडं असतं, आदल्या दिवशी वेळ विचारून घ्या. ओबानोसनंतर पुएन्ते ला रेइना, आर्गावरचा अकराव्या शतकातला पूल मुख्य रस्त्याच्या टोकाला. आल्बेर्गे गावात शिरतानाच सुरू होतात, तेव्हा खाट आधी, पूल नंतर.

आज रात्री नडगी तपासा. चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान नडगीच्या पुढच्या बाजूला, घोट्याच्या वर दुखणं सुरू होतं. टाचेवर आपटत उतरणं आणि घट्ट आवळलेली लेस ही त्याची नेहमीची कारणं. बोटाने दाबल्यावर स्नायूच्या लांबीभर दुखत असेल तर लेस वरची दोन भोकं सैल ठेवा, बर्फ पंधरा मिनिटं लावा, उद्या एस्तेलाचे २२ किलोमीटर न चालता सिराउकीला किंवा लोर्काला थांबा. हाडाच्या एकाच बिंदूवर दुखत असेल आणि झोपतानाही ठणकत असेल, तर ते हाडाच्या बारीक भेगेचं लक्षण असू शकतं. तेव्हा बसने एस्तेलाला जा, 'सेन्त्रो दे सालुद' म्हणजे सरकारी आरोग्यकेंद्र विचारा आणि विम्याच्या मदत क्रमांकावर उपचाराच्या आधी फोन करा. आधी फोन केला नाही तर पुष्कळ विमा कंपन्या खर्च परत करताना अडवतात.